एका गुणाच्या उत्तरात न मावणारी तंतुकणिका

‘तंतुकणिकेला पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणतात.’ शाळेतलं सगळं जीवशास्त्र विसरलेल्या माणसालाही हे एक वाक्य आठवतं. ते खरं आहे, परीक्षेत एक गुण मिळवून द्यायला पुरेसंही आहे. फक्त त्यातून कळत काहीच नाही. ऊर्जा म्हणजे नेमकी कोणती वस्तू तिथे तयार होते? ती तिथेच का, पेशीच्या दुसऱ्या कोपऱ्यात का नाही? आणि पेशीचा कारभार केंद्रकातल्या डीएनएवर चालत असताना या इवल्याशा कणिकेने स्वतःचा वेगळा डीएनए कशासाठी सांभाळून ठेवला आहे?

हे प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण शेवटी ते एकाच जागी येऊन मिळतात. ती जागा म्हणजे तंतुकणिकेच्या आतलं एक पातळ पटल.

आधी नावाचं पाहू. १८९८ मध्ये कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने ‘मायटोकाँड्रिया’ हे नाव दिलं. ग्रीक भाषेत ‘मायटॉस’ म्हणजे धागा आणि ‘काँड्रिऑन’ म्हणजे कण. मराठीतला ‘तंतुकणिका’ हा शब्द त्याचंच सरळ रूप आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ही वस्तू कधी धाग्यासारखी दिसायची, कधी दाण्यासारखी, म्हणून बेंडाने दोन्ही शब्द जोडून टाकले. गंमत म्हणजे त्याचं नाव पुस्तकातल्या चित्रापेक्षा खरं निघालं. चित्रात दिसते ती राजम्याच्या दाण्यासारखी एकटी, गुबगुबीत कणिका. जिवंत पेशीत मात्र तंतुकणिका सतत एकमेकींना जोडल्या जातात, लांब जाळं करतात, पुन्हा तुटून सुट्या होतात, इकडून तिकडे सरकतात. पेशीचा पातळ काप घेतला की त्या जाळ्याचे फक्त तुकडे दिसतात, आणि तेच आपल्या डोक्यात बसले आहेत. त्यामुळे ‘एका पेशीत तंतुकणिका किती?’ या प्रश्नाचं उत्तर जरा सैलच असतं. यकृताच्या पेशीत हजार-दोन हजार म्हणतात. हृदयाच्या स्नायुपेशीत साधारण एक तृतीयांश जागा त्यांनीच व्यापलेली असते. आपल्या लाल रक्तपेशींत मात्र एकही नाही. पेशी परिपक्व होताना त्या काढून टाकल्या जातात. ज्याने ऑक्सिजन पोचवायचा त्यानेच तो वाटेत संपवायचा नाही, असा सोयीचा हिशेब त्यात आहे.

आता ऊर्जा. पेशीला थेट वापरता येते ती एटीपी नावाच्या रेणूच्या रूपात. या रेणूला तीन फॉस्फेटची शेपटी असते. शेवटचा फॉस्फेट सुटला की ऊर्जा मोकळी होते आणि मागे एडीपी उरतं. स्नायूचं आकसणं, मेंदूतल्या पेशींनी क्षार आत-बाहेर करणं, नवी प्रथिनं जुळवणं, सगळ्याची किंमत एटीपीत चुकवली जाते. पण एटीपी साठवून ठेवायची वस्तू नाही. जोरात धावणाऱ्या स्नायूतलं एटीपी पुन्हा भरलं गेलं नाही, तर काही सेकंदांत संपेल. म्हणून एडीपीला पुन्हा फॉस्फेट जोडायचं काम अखंड चालू असतं. दिवसभर फारशी हालचाल न करणाऱ्या माणसाचं शरीरही चोवीस तासांत जवळपास स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतं आणि खर्च करतं. कुठल्याही एका क्षणी मात्र शरीरात ते ग्रॅममध्येच मोजण्याइतकं असतं. तोच रेणू दिवसातून शेकडो वेळा भरायचा आणि रिकामा करायचा.

हे भरायचं काम मुख्यतः तंतुकणिकेत होतं. कसं होतं, हा विसाव्या शतकाच्या मध्यावरचा मोठा पेच होता.

अन्नातल्या ग्लुकोजचे पहिले तुकडे तंतुकणिकेच्या बाहेरच, पेशीद्रवात पडतात आणि त्यातून दोन एटीपी हाती लागतात. पुढचे तुकडे तंतुकणिकेत शिरतात. तिथे क्रेब्स चक्र नावाच्या रासायनिक क्रियांच्या साखळीत त्यांचा कार्बन काढून घेतला जातो आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन आपल्या उच्छ्वासातून बाहेर पडतो. इथे एक नेहमीचा गैरसमज सांगून टाकतो. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन कार्बनला चिकटून बाहेर पडतो असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. श्वासातला ऑक्सिजन शेवटी पाणी होतो. त्याचं काम अगदी शेवटच्या पायरीवर आहे.

कार्बन निघून गेला की उरतात अन्नातून काढून घेतलेले इलेक्ट्रॉन. खरा ऐवज हाच. तंतुकणिकेला दोन पटलं असतात, बाहेरचं गुळगुळीत आणि आतलं घड्याघड्यांचं. या आतल्या पटलात प्रथिनांचे मोठे संच रोवलेले असतात. इलेक्ट्रॉन एका संचाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असे पायरी-पायरीने उतरत जातात आणि प्रत्येक पायरीला थोडी ऊर्जा सुटते. शेवटच्या पायरीवर त्यांना घ्यायला ऑक्सिजन उभा असतो. तो नसेल तर रांग जागच्या जागी थांबते. सायनाइड इतकं झटपट मारतं ते यामुळेच. ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करणाऱ्या शेवटच्या संचाला चिकटून बसतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशीला तो घेता येत नाही.

इथपर्यंत कळलं होतं. पण उतरत्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा एटीपीत जाते कशी? मधे एखादा ऊर्जेने भरलेला रासायनिक रेणू असणार, तो सापडला की झालं, असं धरून मोठमोठ्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षं तो शोधत राहिल्या. सापडला नाही. १९६१ मध्ये पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सांगितलं की तो सापडणारच नाही, कारण तो नाहीच. इलेक्ट्रॉन उतरताना सुटणाऱ्या ऊर्जेवर पटलातले संच प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, उपसतात, आतून बाहेर. पटलाच्या एका अंगाला प्रोटॉनची दाटी होते, दुसऱ्या अंगाला टंचाई. म्हणजे हे धरण आहे. एका बाजूला पाणी चढवून ठेवायचं आणि मग ते एकाच दारातून सोडून चक्की फिरवायची. भट्टी, इंधन, जळण या शब्दांत विचार करणाऱ्यांना ही कल्पना विक्षिप्त वाटली आणि कित्येक वर्षं तिची टिंगल झाली. मिचेल पोटातल्या अल्सरने बेजार होऊन विद्यापीठ सोडून कॉर्नवॉलला गेला. तिथे एक जुना पडका वाडा दुरुस्त करून त्याने छोटी खासगी प्रयोगशाळा थाटली आणि जेनिफर मॉयल या सहकारी शास्त्रज्ञेबरोबर काम चालू ठेवलं. १९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

मला मात्र मिचेलच्या स्वतःच्या प्रयोगांपेक्षा १९७४ चा एक प्रयोग जास्त आवडतो. एफ्राइम रॅकर आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी चरबीच्या रेणूंचे कृत्रिम फुगे बनवले. त्यात मिठागरासारख्या खारट पाण्यात राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचं प्रथिन बसवलं. प्रकाश पडला की प्रोटॉन उपसायचा, एवढंच त्याचं काम. त्याच फुग्यांत गाईच्या हृदयाच्या तंतुकणिकांमधला एटीपी बनवणारा संच बसवला. दोन जीवांमधले हे दोन भाग एकमेकांना कधी भेटलेलेही नव्हते. दिवा लावला आणि एटीपी तयार झालं. मधल्या गूढ रेणूला आता जागाच उरली नाही. दोघांमधला दुवा एकच होता, प्रोटॉनची चढ-उतार.

या धरणाचा दाब केवढा? पटलाच्या दोन बाजूंमधला फरक साधारण १५० मिलिव्होल्ट असतो. घड्याळातल्या सेलपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण हे पटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाड आहे. भागाकार करून पाहा, मीटरला ३ कोटी व्होल्ट येतात. हवेतून ठिणगी पडायला मीटरला ३० लाख व्होल्ट पुरतात. म्हणजे आपल्या प्रत्येक तंतुकणिकेच्या पटलावर ठिणगीच्या दहापट ताण कायम धरून ठेवलेला असतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि धरणाच्या दारातली चक्की खरोखर फिरते, उपमेत नव्हे. एटीपी सिंथेज या संचाचं एक चाक पटलात रुतलेलं असतं. प्रोटॉन आत येताना ते चाक फिरवतात, चाकाबरोबर एक वाकडा दांडा फिरतो आणि तो वरच्या स्थिर डोक्याला आतून ढोसत राहतो. त्या ढोसण्याने एडीपी आणि फॉस्फेट एकमेकांवर दाबले जाऊन एटीपी बनतं. एका फेरीत तीन. पॉल बॉयर यांनी हे तर्काने मांडलं, जॉन वॉकर यांनी स्फटिकाच्या अभ्यासातून त्याची रचना दाखवली आणि दोघांना १९९७ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी जपानी शास्त्रज्ञांनी या दांड्याला एक चमकणारा धागा चिकटवला आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली गरगर फिरताना डोळ्यांनी पाहिला.

सस्तन प्राण्यांत या चाकाला आठ खाचा असतात. म्हणजे आठ प्रोटॉनमागे तीन एटीपी. हा भाग पूर्ण जात नाही, आणि वर थोडे प्रोटॉन इतर कामांत व गळतीत जातात. एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी हा पाठ केलेला आकडा म्हणूनच प्रत्यक्षात भरत नाही. आज तो ३० ते ३२ धरतात. पूर्णांकांचा हिशेब मधल्या रेणूच्या काळातला होता. धरणाचं पाणी असं नगावर मोजता येत नाही.

धरण फुटलं तर काय? प्रोटॉन चक्कीला वळसा घालून परत आत शिरले, तर एटीपी बनत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होऊन निघते. नवजात बाळाच्या पाठीवर आणि मानेभोवती असलेली तपकिरी चरबी नेमकं हेच मुद्दाम करते. तिथल्या तंतुकणिकांच्या पटलात प्रोटॉनसाठी एक चोरवाट ठेवलेली असते आणि कुडकुडण्याऐवजी बाळ तिच्यावर ऊब धरतं. हिवाळाभर झोपणारे प्राणीही जागं होताना हीच युक्ती वापरतात. माणसाने मात्र हीच चोरवाट औषधाने पाडायचा प्रयत्न केला तेव्हा अनर्थ झाला. डायनायट्रोफेनॉल हे रसायन प्रोटॉनला पाठीवर घेऊन पटलापार नेतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते वजन उतरवायचं औषध म्हणून खपलं. वजन उतरायचंही; शरीर जे खाल्लं ते निव्वळ उष्णतेत उधळायचं. पण मात्रा थोडी चुकली की माणूस आतून तापत जायचा, आणि तो ताप उतरवणारं औषध नव्हतं. काही जण दगावले, अनेकांना मोतीबिंदू झाला. १९३८ मध्ये तिथे त्यावर बंदी आली. तरीही ते आजही चोरून विकलं जातं आणि माणसं मारतं.

आता वेगळ्या डीएनएचा प्रश्न. १९६३ मध्ये मार्गिट आणि सिल्व्हन नास यांना तंतुकणिकेत डीएनए दिसला. केंद्रकातल्या डीएनएसारखा लांब दोरा नव्हे. गोल कडं, जीवाणूत असतं तसं. शिवाय तंतुकणिका पेशीला नव्याने घडवता येत नाही. आधीची तंतुकणिका दुभंगूनच नवी होते, पुन्हा जीवाणूसारखीच. १९६७ मध्ये लिन मार्गुलिस यांनी स्पष्ट मांडलं की तंतुकणिका म्हणजे एके काळचा स्वतंत्र जीवाणू आहे. हा विचार त्यांच्या आधीही काहींना सुचला होता आणि हसण्यावारी गेला होता. मार्गुलिस यांचा लेखही छापला जाण्याआधी डझनभर नियतकालिकांनी परत पाठवला. पुढे जनुकांचा क्रम वाचता येऊ लागला, तेव्हा तंतुकणिकेची भावकी थेट अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या जीवाणू गटात सापडली आणि वाद संपला. दीड ते दोन अब्ज वर्षांपूर्वी एका पेशीने असा जीवाणू आत घेतला, तो पचला नाही, टिकला. वनस्पती, बुरशी, प्राणी, सगळे त्या एकाच घटनेचे वंशज आहेत.

या जुन्या ओळखीचा फटका दवाखान्यात बसतो. अनेक अँटिबायोटिक जीवाणूंची प्रथिनं बनवायची यंत्रणा, म्हणजे रायबोसोम, बंद पाडतात. आपल्या पेशीद्रवातले रायबोसोम वेगळे असल्याने ते वाचतात. पण तंतुकणिकेचे स्वतःचे रायबोसोम जीवाणूंच्या वळणाचे आहेत. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक दीर्घकाळ दिलं तर डोळ्याच्या मज्जातंतूला इजा होऊ शकते ती त्यामुळे. काही कुटुंबांत तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये एका अक्षराचा बदल असतो आणि त्याने हे रायबोसोम जीवाणूंशी आणखीच मिळतेजुळते होतात. अशा माणसाला जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन दिलं तर कायमचं बहिरेपण येऊ शकतं. औषध आपलं काम चोख करतं. फक्त त्याला आपला आणि परका जीवाणू ओळखता येत नाही.

आत आलेल्या जीवाणूची बहुतेक जनुकं काळाच्या ओघात हरवली किंवा केंद्रकात गेली. आज तंतुकणिकेत हजाराहून जास्त प्रकारची प्रथिनं लागतात, आणि त्यांतली जवळजवळ सगळी केंद्रकाच्या सांगण्यावरून बाहेर बनून आत आणली जातात. माणसाच्या तंतुकणिकेच्या कड्यात १६,५६९ अक्षरं आणि अवघी ३७ जनुकं उरली आहेत. हा क्रम केंब्रिजमध्ये १९८१ मध्ये पूर्ण वाचला गेला. त्यांतली २४ जनुकं प्रथिनं बनवायच्या यंत्रणेची आहेत. उरलेली १३ प्रथिनांची. ही १३ कुठली? सगळी त्या आतल्या पटलातली, इलेक्ट्रॉनची पायरी आणि प्रोटॉनची चक्की यांचे भाग.

हा योगायोग वाटत नाही. जॉन अ‍ॅलन या जीवशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की त्या पटलावर इतका ताण असतो की तिथले सुटे भाग दूरच्या केंद्रकाकडून मागवण्यात वेळ घालवता येत नाही. एखाद्या तंतुकणिकेत इलेक्ट्रॉन तुंबले तर ते भलतीकडे उडी मारून ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू बनवतात. तिथल्या तिथे, त्याच कणिकेपुरती दुरुस्ती करता यावी म्हणून एवढी जनुकं जागेवर राहिली. दुसरा पक्ष म्हणतो, कारण इतकं खोल नाही. ही प्रथिनं पाण्याशी इतकी फटकून वागतात की बाहेर बनवून आत ओढून आणणंच कठीण. दोन्हींत तथ्य असू शकतं. मला पहिलं पटतं, कारण मीटरला ३ कोटी व्होल्टच्या शेजारी वायरमन मुक्कामाला असलेला बरा.

या जनुकांचा वारसा फक्त आईकडून येतो. बीजांडात तंतुकणिकांच्या डीएनएच्या लाखभर किंवा त्याहून जास्त प्रती असतात. शुक्राणूत शेपटी हलवण्यापुरत्या थोड्या तंतुकणिका असतात, आणि बीजांडात शिरल्यावर त्या खुणा करून नष्ट केल्या जातात. त्यामुळे आई, तिची आई, तिची आई अशी एकच ओळ हजारो पिढ्या मागे वाचता येते. १९८७ मध्ये रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी ही ओळ आफ्रिकेतल्या सुमारे २ लाख वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीपर्यंत नेली. तेव्हा ती एकटीच स्त्री होती असं नव्हे. आज फक्त तिची मातृशाखा अखंड उरली आहे. रशियाच्या शेवटच्या झारच्या कुटुंबाची हाडं ओळखायलाही हाच धागा उपयोगी पडला. झारची पत्नी अलेक्झांड्रा ही ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांच्या आईच्या आईची बहीण, दोघांची मातृशाखा एक. फिलिप यांच्या रक्तातल्या तंतुकणिकेच्या डीएनएचा क्रम हाडांतल्या क्रमाशी जुळला.

आईकडून दोषही येतात. पण केंद्रकातल्या जनुकासारखा इथे ‘आहे किंवा नाही’ असा सरळ हिशेब नसतो. एकाच पेशीत चांगल्या आणि बिघडलेल्या प्रती मिसळून असतात, आणि बिघडलेल्यांचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की आजार दिसू लागतो. बीजांडं बनताना हे मिश्रण कसं वाटलं जाईल त्याचा नेम नसतो. त्यामुळे एकाच आईचं एक मूल ठणठणीत असतं आणि दुसरं अतिशय आजारी. ज्या अवयवांना एटीपीची भूक मोठी तेच आधी खचतात: मेंदू, डोळ्याचा मज्जातंतू, हृदय, स्नायू.

यावरचा एक उपाय ब्रिटनने २०१५ मध्ये कायद्याने खुला केला. आईच्या फलित बीजांडातलं केंद्रक काढून दुसऱ्या स्त्रीच्या केंद्रक काढलेल्या बीजांडात बसवायचं. मूल आई-बापाचं, तंतुकणिका दात्या स्त्रीच्या. वर्तमानपत्रांनी याला ‘तीन पालकांचं मूल’ म्हटलं. सुमारे वीस हजार जनुकांपुढे ३७ धरली तर हे पालकत्व फारच बारीक आहे. जुलै २०२५ मध्ये न्यूकॅसलच्या चमूने अशी आठ बाळं जन्मल्याचं जाहीर केलं, चार मुलगे आणि चार मुली. दात्या स्त्रीची ती ३७ जनुकं मुलग्यांपाशी थांबतील. मुलींकडून ती त्यांच्या मुलांत जातील, आणि तिथून पुन्हा फक्त मुलींमार्फत पुढे.